वडिलांचं लग्न बदललं! ज्योतिष प्रवेश वर्गातले सोळा शनिवार

२०२४ च्या दिवाळीत आईचं कपाट आवरताना अप्पांची पत्रिका हाती लागली. पिवळट कागदाची गुंडाळी, एका कडेला हळदीचा डाग, बोरूनं लिहिल्यासारखं ठसठशीत अक्षर. श्रीगणेशाय नमः पासून शक, संवत्सर, श्रावण मास, आणि मग 'सूर्योदयात् गत घटी २ पळे ३०'. त्याखाली कुंडलीची चौकट, तीत आकडे आणि र, चं, मं, बु अशी अक्षरं. मी सव्वीस वर्षं टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. कुणी डायरीत, कुणी बिस्किटाच्या खोक्यावर मांडलेला हिशेबसुद्धा मी लावून दिलाय. आणि माझ्याच बापाचा हा कागद मला वाचता येईना. म्हणून क्लास लावला.

क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि ती अशा बऱ्याच ठिकाणी लागू पडेल. सदाशिव पेठेत जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. जानेवारी ते एप्रिल २०२५, दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, सोळा तासिका. फी ४,८०० रुपये, वर झेरॉक्स नोट्सचे २५०. आम्ही तेवीस जण होतो. निम्मे रिटायर्ड, दोन आयटीतली पोरं, एक ब्यूटी पार्लरवाल्या ताई ('गिऱ्हाईक बसल्या बसल्या हेच बोलतं, मग निदान नीट तरी बोलू'), आणि माझ्या शेजारच्या बाकावर एक काकू, ज्या पहिल्या दिवशी वही, पट्टी, दोन रंगांची पेनं आणि शेंगदाण्याची चिक्की घेऊन आल्या होत्या. शिकवणारे सर सत्तरीचे, आधी शाळेत गणित शिकवायचे. हे गणिताचं प्रकरण महत्त्वाचं आहे. या क्लासमध्ये जे चांगलं होतं ते सगळं तिथून आलेलं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर कुंडलीची चौकट काढली आणि विचारलं, 'यात लिहिलेला आकडा कशाचा?' तेवीसपैकी वीस जण म्हणाले, घराचा. चूक. आकडा राशीचा असतो. घर जागेवरून ओळखायचं. वरचं मधलं घर नेहमी पहिलं, म्हणजे लग्नस्थान, आणि तिथून डावीकडे उतरत मोजत जायचं. त्या मधल्या घरात ५ लिहिलं असेल तर पाचवी रास, म्हणून सिंह लग्न. इतकी वर्षं पत्रिका बघून 'याच्या पाचव्या घरात शनी' म्हणणारे माझे एक नातेवाईक आकडाच वाचत होते हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. (त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.)

दुसऱ्या शनिवारी सरांनी जे शिकवलं ते मी नवशिक्यांना आवर्जून सांगेन, कारण त्यासाठी ना पुस्तक लागतं ना अ‍ॅप. लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. साधारण दोन तासांनी रास बदलते, दिवसभरात बाराही उगवून होतात. मग सूर्योदयाला जन्मलेल्याच्या पत्रिकेत रवी कुठे सापडणार? लग्नातच, किंवा अगदी काठावर. भर दुपारी जन्मलेल्याचा दहाव्या घराच्या आसपास, सूर्यास्ताचा सातव्याच्या, मध्यरात्रीचा चौथ्याच्या. कुणाचीही पत्रिका हातात आली की आधी जन्मवेळ बघायची आणि रवी त्या जागी आहे का ते बघायचं. नसेल तर पत्रिका चुकलेली आहे, पुढचं काही वाचू नका. तसंच बुधाचं. तो रवीपासून २८ अंशांहून लांब जातच नाही, शुक्र फार तर ४७. समोरासमोर रवी-बुध मांडलेली कुंडली कुणी दाखवली तर ती मांडणाऱ्यानं आकाश बघितलेलं नाही. राहू-केतू मात्र नेहमी समोरासमोर. मला हे फारच आवडलं. आमच्याकडे ट्रायल बॅलन्स जुळला नाही की पुढे जात नाहीत, तसं.

१ फेब्रुवारीला सरांनी सगळ्यांना गच्चीवर नेलं. त्या दिवशी गणेश जयंती होती, खालच्या गल्लीत स्पीकरवर आरत्या चाललेल्या. पश्चिमेला शुक्र इतका झगझगीत होता की आयटीतल्या एका पोराला ते विमान वाटलं. शुक्राजवळच चंद्राची कोर. काकूंनी पटकन मान खाली घातली. 'अहो सर, आज चतुर्थी. चंद्र बघायचा नसतो ना?' सर म्हणाले, 'ती भाद्रपदातली हो. ही माघातली. बघा बिनधास्त.' मग डोक्यावर गुरू, त्याच्या शेजारी तांबूस रोहिणी, म्हणजे गुरू वृषभेत. पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या बाजूला लालसर मंगळ, म्हणजे मिथुनेत. खिशातलं पंचांग काढून सरांनी त्यातली त्या दिवसाची ग्रहांची ओळ टॉर्चखाली दाखवली. ओळीतले आकडे आणि वरचे ठिपके एकच आहेत हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला कळलं. पैसे इथेच वसूल झाले, खरं सांगायचं तर.

मार्चपासून हिशेब सुरू झाला आणि पाच-सहा जण गळाले. प्रमाणवेळेवरून स्थानिक वेळ काढायची: भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, एका अंशाला चार मिनिटं, त्यामुळे पुण्याची स्थानिक वेळ ३४-३५ मिनिटं मागे. मग सांपातिक काळ, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली वेळ, मग सारणीतून लग्न. त्यानंतर दशा, म्हणजे आयुष्याचा कुठला काळ कुठल्या ग्रहाचा ते. नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कला, एकूण ८०० कला. समजा चंद्र अनुराधेत २०० कला चाललाय, म्हणजे पाव नक्षत्र संपलं. अनुराधेचा स्वामी शनी, त्याची दशा १९ वर्षांची, त्यातली पाव म्हणजे ४ वर्षं ९ महिने जन्माआधीच 'भुक्त', उरली १४ वर्षं ३ महिने. पुढे बुधाची १७, केतूची ७, शुक्राची २०, असं करत नऊ ग्रहांची बेरीज १२०. तोंडानं 'विंशोत्तरी महादशा' म्हणताना जे गूढ वाटतं ते कागदावर घसाऱ्याच्या तक्त्यासारखं दिसतं. मी दोन शनिवारांत तिघांच्या दशा काढून दिल्या, काकूंनी त्याबदल्यात चिक्की दिली.

सायन-निरयनावर, म्हणजे राशी संपातबिंदूपासून मोजायच्या की ताऱ्यांवरून यावर, सर फक्त वीस मिनिटं बोलले. तिथे अजून वेळ द्यायला हवा होता, कारण हल्ली नवशिक्याचा पहिला गोंधळ हाच. माझी भाची स्वतःला 'लिओ' (सिंह) म्हणवते आणि आम्ही शिकलेल्या हिशेबानं तिचा रवी कर्केत येतो. दोन्ही मोजण्यांत आज सुमारे २४ अंशांचा फरक आहे, त्याला अयनांश म्हणतात. कोणता अयनांश धरायचा यावर आपल्याकडे पंचांगकर्त्यांची एवढी भांडणं होती की शेवटी १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. त्या समितीनं ठरवलेला अयनांश आज अ‍ॅपमध्ये 'लाहिरी' नावानं दिसतो. सेटिंगमध्ये तो आहे ना एवढं बघा आणि भाचीशी वाद घालू नका.

आता अप्पांची गोष्ट.

घरची पत्रिका उलगडायची, हा मार्चचा गृहपाठ होता. अप्पांचा जन्म १० ऑगस्ट १९४३, कोरेगाव, जिल्हा सातारा. आजोबा रेल्वेत पॉइंट्समन होते, मुलगा झाल्याचं कळताच त्यांनी स्टेशनच्या घड्याळात वेळ बघितली: सव्वासात. पत्रिका मांडणाऱ्या जोशीबुवांनी सूर्योदय सव्वासहाचा धरला, मधला एक तास म्हणजे अडीच घटी, म्हणून 'गत घटी २ पळे ३०'. हिशेब अगदी चोख. लग्न सिंह, आणि रवी मागच्या घरात, कर्केत, बाराव्या स्थानी, म्हणजे व्ययाच्या, खर्चाच्या घरात. त्याच घरात गुरू. सिंह लग्न, लग्नाचा मालक रवी व्ययात, शिवाय गुरूही व्ययात! आमच्या घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. अप्पांचा राग, म्हणजे सिंह लग्न. अप्पांच्या हातात पैसा टिकला नाही, म्हणजे रवी-गुरू बाराव्यात. भाऊबंदकीच्या केसमध्ये जमीन गेली, तेही बारावं घर.

मी हे सगळं फळ्यावर मांडलं. सर बराच वेळ तारखेकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, 'त्रेचाळीस साल. तास वजा केलात का?'

कुठला तास? तर दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. स्टेशनच्या घड्याळात सव्वासात वाजले तेव्हा खरी प्रमाणवेळ सव्वासहा. जोशीबुवांनी जन्मवेळ युद्धाच्या घड्याळाची घेतली आणि सूर्योदय नेहमीचा. अडीच घटी तिथे उगवल्या. प्रत्यक्षात गत घटी शून्य. आणि मला आजीचं बोलणं आठवलं, जे आम्ही शंभरदा ऐकलं होतं आणि कुणीच हिशेबात धरलं नव्हतं: 'अप्पा झाला तवा सूर्य नुकता वर येत होता, गुरं सोडायची होती.' सूर्योदयाचा जन्म, म्हणजे रवी लग्नात. दुसऱ्या शनिवारचा धडा! रवी कर्केत, लग्न कर्क.

घरी येऊन दोन अ‍ॅपमध्ये सव्वासातची वेळ टाकून बघितली. एकानं कर्क लग्न दाखवलं, म्हणजे त्याला युद्धाचा तास माहीत होता. दुसऱ्यानं सिंह. दोन्ही अ‍ॅपच्या जाहिरातीत 'अचूक' हा शब्द आहे. १९४२ ते ४५ मध्ये जन्मलेलं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांची पत्रिका एकदा तपासाच. मुंबईतल्या जुन्या जन्मांना तर आणखी एक गाठ आहे. तिथे १९५५ पर्यंत 'मुंबई टाइम' वापरात होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

आईला सांगितलं, 'अप्पांचं लग्न बदललं.' ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, 'आता? जाऊन तेरा वर्षं झाली त्यांना. कुणाशी?'

पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं. दुरुस्त केलेली पत्रिका फळ्यावर मांडल्यावर सरांनी तीही वाचली. कर्क लग्न, लग्नी उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बलवान, गुरू, शेजारी रवी. मी म्हटलं, सर, उच्चीचा गुरू लग्नी, मग पैसा का नाही टिकला? सर क्षणभरही थांबले नाहीत. 'गुरू रवीच्या जवळ आहे ना, अस्तंगत झाला, त्याच्या तेजात झाकला गेला. आणि लग्नेश, म्हणजे लग्नाचा मालक चंद्र, वृश्चिकेत, नीचेचा, दुबळा.' राग? 'लग्नी रवी, दुसरं काय होणार!' जमीन गेली तीही सापडली. जुन्या, चुकीच्या पत्रिकेतून अप्पा जसेच्या तसे दिसत होते, आणि नव्या, बरोबर पत्रिकेतूनही तस्सेच. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली, आणि मग घरी जाताना लक्ष्मी रोडला सिग्नलवर थांबल्यावर जरा विचित्र वाटलं. आमच्या धंद्यात एक तासाची, म्हणजे एका कॉलमची चूक सापडली आणि तरीही शेवटची बेरीज तीच आली, तर आम्ही आनंद मानत नाही. बेरीज आधी लिहून ठेवली होती का ते विचारतो.

असं अजून एकदा झालं. मंगळ १, ४, ७, ८, १२ यांपैकी कुठल्याही घरात असला की मंगळाची पत्रिका. बारापैकी पाच घरं! मी वर्गातच हात वर करायला लावले. तेवीसपैकी नऊ जण मंगळाचे निघाले, त्यातल्या पाच जणांचे संसार तीस वर्षांवर झालेले. सर हसून म्हणाले, 'म्हणून तर अपवाद आहेत.' अपवादांची यादी नोट्समध्ये दीड पानाची आहे, नियम एका ओळीचा. एवढ्या एका ओळीवर किती मुलींची स्थळं परत गेली असतील ते ब्यूटी पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, मी नाही.

तक्रार आता. २९ मार्चला शनी कुंभेतून मीनेत जाणार होता आणि नेमका तो शनिवारच होता, दुसऱ्या दिवशी पाडवा. महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर 'मीन राशीत सहा ग्रह' म्हणून घबराट चाललेली. त्या दिवशी वर्ग खचाखच भरला, बाहेरची माणसंही आली. सरांनी साडेसातीचा हिशेब नीट समजावला. चंद्रराशीच्या मागची, स्वतःची आणि पुढची अशा तीन राशी, प्रत्येकी अडीच वर्षं. मकरेची सुटली, मेषेची सुरू. तासिका संपायला वीस मिनिटं असताना आयोजकांनी एका गृहस्थांना पुढे आणलं. सुटकेस उघडली. आत नीलम, लोखंडी अंगठ्या, घोड्याच्या नालेचे छल्ले. 'वर्गातल्या सभासदांना खास सवलत.' काकूंची रास मेष. त्यांचा चेहराच उतरला. पर्समधून पैसे काढायला लागल्या तेव्हा मी त्यांचा हात धरून म्हटलं, 'काकू, तुमच्या आयुष्यातली ही तिसरी साडेसाती. आधीच्या दोन्हींत काय झालं ते आधी वहीत लिहा, मग घ्या.' त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. पहिल्यात लग्न आणि मुलगी, दुसऱ्यात स्वतःचा फ्लॅट आणि सासूबाई गेल्या. 'सासूबाई कुठल्या खात्यात धरायच्या?' असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. अंगठी घेतली नाही. पण आणखी सहा-सात जणांनी घेतली. सर तेवढ्या वेळात खिडकीशी जाऊन उभे होते. त्यांनी विकलं नाही, अडवलंही नाही. ४,८०० फी भरलेल्या माणसाला शनीची भीती शिकवून त्याच खोलीत शनीची अंगठी विकणं मला अजिबात पटलेलं नाही, आणि आयोजकांना मी तसं कागदावर लिहून दिलंय. उत्तर नाही आलं. पुढच्या 'विशारद' वर्गाचा मेसेज मात्र आला, फी ११,०००.

क्लास संपल्यावर महिन्याभरात, मे मध्ये, जयंत नारळीकर गेले. त्यांच्याबद्दलच्या लेखांतून त्यांनी २००८ मध्ये पुण्यातच घेतलेल्या चाचणीची आठवण निघाली. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, काही हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या, कुठली कुणाची ते ओळखायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. नाणं उडवलं असतं तरी तेवढं आलं असतं. मी सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, 'त्या पत्रिकांच्या जन्मवेळा कुणी तपासल्या होत्या?' प्रश्न सरांना शोभणारा होता. पण अप्पांच्या वेळी वेळ चुकलेली असूनही सगळं जुळत होतं, हे मी त्यांना म्हटलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग, 'तुम्ही विशारदला या, तिथे बोलू.'

विशारदला मी गेले नाही. पण प्रवेश वर्ग कुणाला सुचवेन का? हो, या सरांचा असेल तर नक्की. फोन करताना एवढंच विचारा की कुंडली हातानं मांडायला शिकवतात का, की अ‍ॅपवर काढून थेट फळ सांगायला बसवतात. दुसरं असेल तर पैसे वाचवा. आणि रत्नं विकतात का तेही विचारा, स्पष्ट. नोट्सचे २५० दिले नाहीत तरी चालतील, त्यात छपाईच्या चुका आहेत (तूळेचा स्वामी एका ठिकाणी बुध छापलाय, तो शुक्र आहे). त्याऐवजी चालू वर्षाचं दाते पंचांग घ्या. त्यात रोजचे ग्रह असतात आणि मागच्या पानांवर वाचायलाही बरंच. कॉम्प्युटर असेल तर जगन्नाथ होरा नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. दिसायला जुनाट आहे, पण हातानं काढलेली कुंडली ताडून बघायला उत्तम. पहिले दोन महिने तरी स्वतःची पत्रिका उघडू नका. माझं ऐका. मेलेल्या माणसाची घ्या, ज्याचं आयुष्य पूर्ण माहीत आहे.

गाडी नेऊ नका, त्या गल्लीत पार्किंग मिळत नाही. जिन्यात दिवा नाही, मोबाईलचा टॉर्च लागतो. काकू आणि मी अजूनही महिन्यातून एकदा त्यांच्या गच्चीवर भेटतो, पंचांग आणि चिक्की घेऊन. अप्पांची जुनी गुंडाळी आईनं पुन्हा कपाटात ठेवली आहे. नवी कुंडली मी वहीच्या पानावर काढून दिली होती, तीही तिनं त्यातच सरकवली आणि वर पेन्सिलीनं लिहिलं: 'खरी वेळ सव्वासहा. सासूबाईंचं बरोबर होतं.'